पुंजाराम पेंटरची एका दमातली सोंड

तिसगावच्या स्टँडवर उतरून पुंजाराम पेंटरचं दुकान विचारा. शाळेत निघालेलं पोरसुद्धा चालता चालता हनुवटीनं दाखवील. दुकान म्हणजे एक पत्र्याचा गाळा, पण त्याला पाट्या दोन. वरची जुनी, पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवलेली: ‘पुंजाराम आर्ट्स’. अक्षरांना सावली दिलेली आणि शेवटच्या अक्षरावर एक पोपट बसवलेला. पोपटाचा इथं काय संबंध, असं विचारायची कुणाची टाप नव्हती. खालची पाटी फ्लेक्सची: ‘ज्ञानेश्वरी डिजिटल’. ही लेकीची. तिनं धंदा सुरू केला तेव्हा लोक म्हणाले, ती गंजकी पाटी काढ आणि तिथं मोठा झ्याक फ्लेक्स लाव. ती म्हणाली, “पोपट कुठं जाईल मग?” आणि आपला फ्लेक्स तिनं खाली, दाराच्या चौकटीला बांधला.

पुंजाराम माणूस तापट. एका डेअरीवाल्यानं पाटीवरची म्हैस जरा गोरी काढा म्हटलं, तर हा डबे उचलून चालता झाला. “गोरी पायजे तर गाय पाळ,” म्हणाला. चार दिवसांनी तोच डेअरीवाला किटलीभर चहा घेऊन दारात उभा. कारण पंचक्रोशीत म्हशीच्या डोळ्यांत जीव ओतणारा दुसरा होता कोण? आणि राग गेल्यावर पुंजारामनं त्या म्हशीला असं काही रूप दिलं, की खुद्द डेअरीवाल्याची म्हैस तिच्यापुढं फिकी पडली.

पण त्याचं खरं नाव झालं ते लग्नाच्या भिंतींनी. आता सगळीकडं फ्लेक्स लागतात, म्हणून नव्या लोकांना सांगायला लागतं. पूर्वी इकडं लग्न ठरलं, की घराच्या दर्शनी भिंतीला चुना मारायचा आणि पेंटरला बोलवायचं. दाराच्या वर गणपती, दोन्ही अंगांना दोन मोर, खाली कलश, केळीचे खुंट आणि मधोमध नवरा-नवरीची नावं. लग्न होऊन जायचं, पोरगी नांदायला जायची, तरी भिंत पुसायची नाही. घरात पुढचं लग्न निघेपर्यंत ती तशीच राहायची. कितीतरी आयांनी लेकीची आठवण आली म्हणून त्या नावावर हात फिरवलेला आहे.

आणि पुंजारामच्या भिंतीवरचा गणपती लांबून ओळखू यायचा, तो सोंडेवरून. बाकीचे पेंटर सोंड तुकड्या-तुकड्यानं जोडत न्यायचे. पुंजाराम श्वास आत घ्यायचा, ब्रश कपाळाशी टेकवायचा आणि मोदकापाशी आणूनच उचलायचा. एका दमात. मधे कुणी बोलायचं नाही. सोंड संपली की तो ‘हाऽ’ करून श्वास सोडायचा, आणि तेवढ्यासाठी बायाबापड्या हातातली कामं टाकून बघायला येऊन उभ्या राहायच्या.

काम झालं की पेंटरचा मान. नवरीच्या आईनं कुंकू लावायचं, नारळ द्यायचा, टॉवेल-टोपी द्यायची. पुंजारामच्या घरात टोप्यांची चळत होती. एकही घातलेली नाही. पठ्ठ्या आयुष्यभर बोडका हिंडला. पण कुणाला एक टोपी देऊही द्यायचा नाही.

ज्ञानेश्वरी सहा वर्षांची असेल. शेजारच्या वस्तीवर भिंत रंगवताना ती बापाच्या मागं डबा धरून उभी होती. एकदम म्हणाली, “आण्णा, माझी भिंत कधी?”

“तुझं लगीन ठरू दे.”

“किती मोर काढाल?”

“लोकांना दोन काढतो. तुला चार.”

बस्स, एवढंच बोलणं. पण पोर लक्षात ठेवून होती आणि बाप तर जास्तच लक्षात ठेवून होता.

मग तीनेक वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात, मग ब्रशात. नगरच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि गोड शब्दांत सांगितलं, की हे कमी-जास्त होत राहील, पण जायचं नाही. पुंजारामनं एक वर्ष लोकांना सबबी सांगितल्या. मग एका भिंतीवर सोंडेच्या मधेच त्याचा हात उसळला आणि गणपतीच्या गालावर फराटा उठला.  बघायला आलेल्या बायका पदर सावरत आपापल्या कामाला गेल्या. त्या दिवशी तो घरी आला, ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. त्यांचं नाव काढायची घरात चोरी झाली.

अशातच ज्ञानेश्वरीचं लग्न ठरलं. मुलगा अंगद, अकोले तालुक्यातला, शाळेत मास्तर. माणसं साधी, भाताची शेती करणारी. सगळं मनासारखं झालं. वैशाखातली तारीख निघाली. आणि पुंजाराम रोज सकाळी ओट्यावर बसून घराच्या कोऱ्या दर्शनी भिंतीकडं बघायला लागला.

मेव्हणा भीमा आला तसा म्हणाला, “दाजी, कशाला जीवाला घोर? पोरीचंच दुकान हाय. दहा बाय सहाचा फ्लेक्स मारू, काम खल्लास.”

“मार की,” पुंजाराम म्हणाला, “माझ्या थोबाडावर मार.”

त्याची बायको लंकाबाई तूर पाखडत राहिली. ती फार बोलायची नाहीच. शेत तिच्याच जिवावर चाललेलं. कापूस, तूर, बाजरी सगळं ती बघायची, आणि नवऱ्याचा राग पाऊसपाण्यासारखा धरायची. येतो आणि जातो, आपण आपलं काम करावं.

ज्ञानेश्वरीनं मात्र डोकं चालवलं. ती नव्या पद्धतीच्या पत्रिका करायला लागली होती, त्यासाठी तिनं एक टॅब घेतला होता, काचेवर पेननं चित्रं काढायचा. त्यात वॉटरकलरचे बारा नवे ब्रश तिनं नेटवरून उतरवून घेतले. आणि एका दुपारी ओट्यावर बापाशेजारी बसून अगदी भोळेपणानं म्हणाली, “आण्णा, कंपनी म्हणती हे ब्रश खऱ्या पाण्याच्या रंगासारखे हायेत. मला काय कळतंय त्यातलं? तुमी जरा तपासून सांगा ना, खरं बोलत्यात का फसवत्यात.”

तपासायचं म्हटल्यावर पेंटरच्या अंगात आलं. तोही काही दुधखुळा नव्हता, लेकीची चाल त्याच्या लक्षात आली असणार. पण पंचाचा मान मिळाला, तर तो कुणाला नको असतो?

त्यानं पेन हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं पटकन ओठात धरून त्याला टोक काढलं.

“आवं!” लंकाबाई दारातून ओरडली. “गोड हाय काय ते?”

ज्ञानेश्वरी हसून हसून खांबाला टेकली. पुंजारामनं पेन सदऱ्याला पुसलं, जणू काही झालंच नाही, आणि काचेवर निळा रंग ओढला. रंग पसरला, कडेला गडद होत थांबला. त्यानं डोळे बारीक केले. “पानी कुठून आलं ह्याच्यात?”

“आत हाय.”

“आत कुठं?”



दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा टॅब घरी ठेवून गेली. मुद्दामच. अकराच्या सुमाराला पुंजारामनं आभाळाचा एक मोठा ओला हात मारला. त्याच्यावर डोंगर काढायचा होता. आता ओल्यावर डोंगर काढला तर तो आभाळात फुटणार, हे पाण्याच्या रंगाचं काम केलेल्या कुणालाही कळतं. मग काय करायचं? सुकवायचं. पेंटरनं टॅब उचलला, बाहेर आणला आणि तुळशीकट्ट्याला टेकवून उन्हात ठेवला. एप्रिलचं ऊन. स्वतः शहाण्यासारखा चहा प्यायला आत गेला.

परत येऊन बघतो तर काच काळीठिक्कर. आभाळ नाही, डोंगर नाही, काही नाही. हात लावला तर चटका बसला.  पोरीची वस्तू, तीही लग्नाच्या तोंडावर, आपण जाळून बसलो. त्यानं टॅब टॉवेलात गुंडाळला आणि त्या उन्हात, बोडक्या डोक्यानं, दीड किलोमीटर चालत दुकानात गेला. गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोरच म्हणाला, “ज्ञाना, मी तुझं मशीन मारलं.”

तिनं सगळं ऐकून घेतलं. उन्हात का ठेवलं, हे ऐकताना तिनं ओठ दातांखाली दाबून धरले होते. मग टॅब पंख्याखाली ठेवला, दहा मिनिटांनी चालू केला, आणि आभाळ जसंच्या तसं परत आलं.

पुंजाराम वाकून बघत होता. “सुकलं का न्हाई मग?”

“आण्णा, ते सुकवायला बटन हाय.” तिनं दाखवलं. एक टिचकी मारली, की आभाळ कोरडं.

“म्हंजे वाट बघायची न्हाई?”

“न्हाई.”

“मग त्यात काय मजा?” तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा टॅब घेऊन बसला. फक्त सावलीत.

इथवर ठीक चाललं होतं. मग लेकीनं एक चूक केली. प्रेमानंच केली, पण चूक ती चूक. त्या टॅबमध्ये एक सोय असते. हात हलला तरी रेघ सरळ उमटते. थरथर मधल्यामधे गाळली जाते, चहा गाळावा तशी. ज्ञानेश्वरीनं ती सोय गुपचूप चालू केली आणि म्हणाली, “आण्णा, सोंड काढून बघा.”

पुंजारामनं श्वास आत घेतला. कपाळापासून पेन निघालं, वळलं, खाली आलं आणि मोदकापाशी थांबलं. सोंड लोण्यासारखी उतरली. ‘हाऽ’ करून त्यानं श्वास सोडला, आणि लंकाबाईच्या डोळ्यांतून टपटप पाणीच आलं. “आली की वो सोंड!”

तो मात्र बघत राहिला. हात थरथरताना त्याला दिसला होता, काचेवर थरथर नव्हती. आयुष्यभर रेघांवर जगलेला माणूस, त्याला काय फसवता तुम्ही? त्यानं पेन खाली ठेवलं.

“ही माझी न्हाई,” तो म्हणाला. “ही ह्या डबड्याची हाय. मला भीक घालती व्हय गं?”

आणि दोन दिवस अबोला. ज्ञानेश्वरीला इतकं वाईट वाटलं, की तिनं दुकानात एका बारशाच्या फ्लेक्सवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं होतं. छापायच्या आधी कळलं म्हणून, नाहीतर गावानं तिला फोडूनच काढलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यानंच टॅब तिच्यापुढं धरला. “ते गाळणं बंद कर. कायमचं.”

तिनं बंद केलं, आणि तिथून त्याचे खरे प्रयोग सुरू झाले. बारा ब्रशांची इंग्रजी नावं त्याला वाचायची नव्हती, त्यानं आपली नावं ठेवली. एक कोरडा खरखरीत होता, तो ‘फाटका’. एक नेमून दिल्याइतकाच पसरायचा, तो ‘शहाणा’. त्याच्याशी पुंजारामचं कधीच जमलं नाही. एक ठिपके उडवायचा, त्याचं नाव त्यानं मेव्हण्यावरून ‘भीमा’ ठेवलं, कारण बोलताना भीमाही तसाच उडवायचा. आणि एक होता, तो टेकवला रे टेकवला की चहूकडं पाझरायला लागायचा. तो ‘रडका’.

ह्या रडक्यानं नवल केलं. पुंजारामनं आधी काचेवर नुसतं पाणी पसरलं, मग त्या ओलीत रडक्यानं सोंड ओढली. हात थरथरला तो थरथरलाच. पण ओलीत पडलेली थरथर काटेरी दिसेना. रंग दोन्ही कडांना पाझरला, आणि हाताचे हेलकावे त्या पाझरण्यात मिसळून सोंडेवरच्या सुरकुत्या झाल्या. जिवंत हत्तीच्या सोंडेला असतात तशा. त्यानं पुन्हा काढली. पुन्हा. दोन बोटं काचेवर टेकवली की केलेलं मागं जातं, हे लेकीनं शिकवलं होतंच. ती गोष्ट त्याला जाम आवडलेली. “चाळीस वर्सांत पहिल्यांदा चुकीला रॉकेल लागंना,” म्हणायचा. दिवसभर त्याची दोन बोटं टकटक चाललेली असायची.

आठ दिवसांत त्याच्या सोंडा झाल्या, मोर झाले, मोरांचे पिसारे झाले. थरथर पिसाऱ्याला तर फारच मानवली. आणि मग एकदा मोर शोधता शोधता त्याचं बोट भलतीकडं पडलं आणि एक वेगळंच चित्र उघडलं.

भिंत होती ती. गणपती त्यानं एकदा खर्डा गावात काढलेला, मोर कुठल्या दुसऱ्या वस्तीवरचे, कलश तिसरीकडचा. सगळ्यांचे फोटो काढून, जोडून, मधे नावं टाकून तयार केलेला दहा बाय सहाचा फ्लेक्स. मोर चार होते.

पुंजारामनं टॅब बंद केला. संध्याकाळी जेवताना भाकरी मोडता मोडता विचारलं, “छापला?”

ज्ञानेश्वरीचा घास हातातच राहिला. खोटं बोलली नाही. “छापला. दुकानात गुंडाळून ठेवलाय.”

“माझा भरोसा न्हाई तुला.”

“तसं न्हाई आण्णा.” तिला रडू फुटलं. “भिंत कोरी राहिली ना, तर तुमी लाजंनं मांडवात यायचे न्हाईत. मागं गोठ्यात जाऊन बसाल. मला म्हाईत हाय तुमचा सोभाव. मला मोर नको, गनपती नको. मला मांडवात माझा बाप पायजे.”

 लंकाबाईनं त्याच्या ताटात आमटी वाढली, ती त्यानं भाकरीत कुस्करली. हात धुवून उठताना म्हणाला, “लंके, फवारनीचा पंप कुठंय?”

“आता काय फवारायचंय? रानात काय हाय तरी?”

“धुवून ठेव. चार वेळा धू. औषधाचा वास न्हाई यायला पायजे.”

हळदीच्या पाच दिवस आधीची सकाळ. ऊन चढायच्या आत काम उरकायला हवं होतं, म्हणून फटफटतानाच पुंजाराम भिंतीपुढं उभा राहिला. चुना आदल्या दिवशीच मारलेला. माळ्यावरचे ब्रश उतरवलेले. आणि पाठीवर कापसावरच्या फवारणीचा पंप. त्यानं दांडा हलवत भिंतीवर बारीक पाणी धरलं, वरून खाली, ओघळ येणार नाही इतकं बेतानं. टॅबवरच्या त्या आतल्या पाण्याचं कोडं त्यानं आपल्या पद्धतीनं सोडवलं होतं. भीमा फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून बाजूला उभा. आलेल्या पाव्हण्या बायका ओट्याखाली जमल्या. 

पंप उतरवून त्यानं ब्रश बुडवला, डब्याच्या काठाला तीनदा ठोकला. श्वास आत घेतला. ब्रश कपाळाला टेकला आणि ओल्या चुन्यात शेंदरी रंग फुलत फुलत खाली यायला लागला. हात थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता. पण भिंतीवर सोंड उतरत होती, सुरकुत्यांची, मऊ, जिवंत. मोदक वीतभर राहिला. आणि नेमका तिथंच हात उसळला. रंगाचा एक शिंतोडा खाली उडाला.

पुंजारामनं काय करावं? त्यानं झटकन डाव्या हाताची दोन बोटं त्या शिंतोड्यावर टेकवली. टक. आणि वाट बघत उभा राहिला.

शिंतोडा कुठं जातोय! त्यानं पुन्हा टेकवली. टक टक.

“आवं,” लंकाबाई म्हणाली, “ती भिंत हाय!”

पहिली हसली ती ज्ञानेश्वरी. मग बायका, मग भीमा. पुंजारामनं आपल्या शेंदरी बोटांकडं बघितलं, भिंतीवरच्या ठशांकडं बघितलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तो खो खो हसला. हसता हसताच ब्रश पुन्हा टेकवला, सोंड मोदकापाशी नेऊन सोडली आणि ‘हाऽ’ केलं. दम एक नव्हता झाला, दोन झाले होते. त्याची तक्रार कुणी केली नाही. बोटांचे ते दोन ठसे उंदराचे कान झाले. खाली नुसतं अंग आणि शेपूट जोडली.

मोर चार झाले. चारही पिसारे थरथरत्या हाताचे, आणि वारा सुटल्यासारखे. पण नावं राहिली. अक्षराला ओल चालत नाही, अक्षर फुटतं. भिंत सुकू दिली, गेरूत बुडवलेली दोरी मारून रेघ आखली. पेंटर लोक अक्षरं काढताना डाव्या हातात एक काठी आडवी धरतात आणि तिच्यावर उजवं मनगट टेकवतात, म्हणजे हात ठरतो. पुंजारामनं काठी धरली, तर काठीच थरथरायला लागली. डावा हातही आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. तो काठीकडं बघत उभा राहिला, आणि त्याचा चेहरा पुन्हा पडला.

ज्ञानेश्वरी पुढं आली. काठी काढून घेतली. आपला उजवा हात तिनं भिंतीला आडवा लावला, पंजा चुन्यावर घट्ट दाबला. “टेकवा,” म्हणाली.

“अगं, नवरी तू. अवघडंल हात.”

“टेकवा म्हणते ना.”

त्यानं मनगट तिच्या हातावर टेकवलं. चि. सौ. कां. ज्ञानेश्वरी. एकेक अक्षर झालं, की ती हात सरकवायची. तासभर, दीड तास. त्याच्या मनगटाची थरथर तिच्या हातात उतरत होती आणि तिथंच जिरत होती. तिचा खांदा भरून आला, घाम कानामागून गळायला लागला, पण तिनं हात हलू दिला नाही. खाली चि. अंगद झालं. मग तीच म्हणाली, “आता पेंटरचं नाव.”

“घरच्या भिंतीवर कशाला?”

“लिवा.”

कोपऱ्यात, बारीक अक्षरांत: पेंटर पुंजाराम, तिसगाव.

लंकाबाई आत गेली आणि ताट घेऊन आली. कुंकू, नारळ, टॉवेल, टोपी. पुंजाराम बघतच राहिला. “ही कधी आनली?”

“लगीन ठरलं त्या बाजारी,” ती म्हणाली. “मला म्हाईत हुतं.” आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मानाची टोपी डोक्यावर घातली. लग्नभर ती उतरवली नाही, पुढंही नाही. मांडवात अगदी पुढं उभा होता, गोठ्याकडं फिरकलासुद्धा नाही. तो फ्लेक्सही वाया गेला नाही. भीमानं आचाऱ्याच्या चुलाणावर सावलीला बांधला, चारही मोर खाली तोंड करून बुंदीकडं बघत होते.

लेक नांदायला गेली आणि घर खायला उठलं. पुंजाराम ओट्यावर बसायचा, समोर भिंत असायची. नावावर हात फिरवायच्या आया त्यानं आयुष्यभर पाहिल्या होत्या. बाप काय करतात, हे त्याला माहीत नव्हतं. तो आसपास कुणी नाही बघून उंदराच्या कानांवर आपली दोन बोटं टेकवायचा.

पंचमीला ज्ञानेश्वरी माहेरी आली. चहा झाला, सासरचं भरभरून सांगून झालं, मग तिनं टॅब काढला. “आण्णा, एक नवीन ब्रश आलाय. तपासता का?”

पुंजारामनं बघितलं. बाराच्या खाली तेरावा होता, आणि त्याचं नाव मराठीत होतं. ‘आण्णा’.

त्यानं पेन घेतलं, सोंड ओढली. थरथरत आली. “हां,” तो म्हणाला, “माझा हात हाय तसाच हाय. ब्रशात काय विशेष न्हाई.”

“द्या इकडं.” तिनं पेन घेतलं. तिचा हात दगडासारखा ठाम. तिनं सावकाश, एका दमात सोंड काढली, आणि काचेवर उमटलेली रेघ थरथरत उतरली. त्याच जागी जाड, त्याच जागी बारीक, कडांना तशीच पाझरलेली, मोदकापाशी जराशी उसळलेली.

पुंजाराम तिच्या हाताकडं बघायचा आणि काचेकडं बघायचा. हात हलत नव्हता.

“भिंतीवरच्या सोंडेचा फोटो नेलता, त्याच्यावरून केला हा,” ती म्हणाली. “थरथर मात्र आतून घालावी लागली. चार दिवस घातली-काढली, तवा जमली.”

“एवढी बरोबर कशी जमली गं? मापच कुठं हुतं तुझ्याकडं?”

तिनं उजव्या हाताची बाही वर सारली आणि जिथं त्यानं मनगट टेकवलं होतं ती जागा दाखवली. “हितं हुतं की.”

पुंजारामनं तिचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ धरून बसला.  मग तो नाक ओढत उठला, टोपी सारखी केली, टॅब उचलला आणि ओट्याच्या सावलीला भिंतीशी टेकवून उभा केला.

“आण्णा,” ती म्हणाली, “बटन हाय त्याला.”

“असू दे,” तो म्हणाला. “सुकू दे सावकाश. तू हायेस ना चार दिवस?”